एकरभर मुरबाड की चौदा वर्षांची एसआयपी?

ढोकाळीकर:
नमस्कार मंडळी. तीन-चार वर्षे इथे नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

आईवडिलांचा डोंबिवलीचा फ्लॅट विकला. भावंडांत वाटणी होऊन, कर वगैरे भागवून माझ्या वाट्याला ३८ लाख आले. मी ४६, बायको ४४, दोघंही खाजगी नोकरीत, पेन्शन कुणालाच नाही. पीएफ आहे, थोडं पीपीएफ आहे, ठाण्यातल्या ढोकाळीच्या घराचे अजून चार वर्षांचे हप्ते आहेत. मुलगी नववीत. साठीला थांबायचं धरलं तर हातात १४ वर्षे.

मुरबाडच्या पुढे, धसई रस्त्यावरून आत एक एकर बघितलंय. एजंट ३५ लाख सांगतोय. समोर डोंगर, बाजूने ओढा, मन भरून आलं हो. शेतकरी दाखल्याची अडचण नाही. आमचं गाव माण तालुक्यात. वडिलांच्या पश्चात तिथल्या सातबाऱ्यावर माझं नाव लागलंय, अकरा जणांच्या रांगेत.

बायकोचं म्हणणं, सगळे पैसे दोन वर्षांत थोडे थोडे करून इंडेक्स फंडात (सेन्सेक्स-निफ्टीतलेच शेअर घेणाऱ्या म्युच्युअल फंडात) टाकू. मी म्हणतो जमीन कुठे पळून जात नाही. ती म्हणते, तोच तर प्रॉब्लेम आहे. आठ दिवस घरात हेच चाललंय. एजंटाला रविवारी टोकन हवंय. बोला.

दिवा_शटल:
पावसात बघितलीत ना? एप्रिल-मेमध्ये परत जा. श्रावणात मुरबाडचा कातळसुद्धा शेतजमीन दिसतो.

चालू_भाव:
आकडे घ्या. २००४ च्या शेवटच्या दिवशी सेन्सेक्स ६,६०० च्या आसपास होता. २०२४ च्या शेवटच्या दिवशी ७८ हजारांच्या वर. वीस वर्षांत जवळजवळ बारा पट, म्हणजे दरसाल साधारण १३ टक्के, लाभांश वेगळा. या वीस वर्षांत २००८ येऊन गेलं, करोना येऊन गेला, तरी. कुंपण नको, राखणदार नको, तलाठी नको. वहिनींचं ऐका आणि धागा बंद करा. (दिवे घ्या.)

घाबरट_घोडबंदर:
ते १३ टक्के सेन्सेक्सला मिळाले हो. मला नाही मिळाले.

२३ मार्च २०२०. एका दिवसात ३,९०० अंकांनी पडून सेन्सेक्स २६ हजारांच्या किंचित खाली बंद झाला. मी दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे फंड काढून टाकले. नऊ वर्षांची एसआयपी, दरमहा थोडे थोडे टाकलेले. बायकोला सांगितलंसुद्धा नाही, जूनमध्ये कळलं तिला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात निर्देशांक ४७ हजारांवर होता. मी पुन्हा शिरलो तो ५० च्या वर.

सासऱ्यांची वाडा तालुक्यात दीड एकर आहे. त्या मार्चमध्ये तिचा भाव किती झाला होता? कुणालाच माहीत नाही. म्हणून कुणी घाबरलं नाही. सासरे आरामात ओटीवर बसून वाल सोलत होते.

चालू_भाव:
म्हणजे भाव कळत नाही हा फायदा म्हणायचा?

घाबरट_घोडबंदर:
माझ्यासारख्याला, हो.

निम्मा_शेतकरी:
ढोकाळीकर, तुम्ही आज जिथे उभे आहात तिथे मी २००४ च्या डिसेंबरात होतो. नेरळजवळ एक एकर, तीन लाख. २०२४ च्या अखेरीस लगतचा तुकडा ३२ लाखांना गेला. खरेदीखत मी स्वतः पाहिलंय. म्हणजे वर्षाला साडेबारा टक्के. चालू_भाव यांच्या सेन्सेक्सच्या पावलावर पाऊल. हे मी लग्नकार्यात सगळ्यांना ऐकवायचो.

मग लेकाने एक दिवस एक्सेल उघडून बाकीचा हिशेब विचारला. २००७ च्या शेवटी कुंपण आणि बोअर, दोन लाख. २००८ पासून राखणदाराचे पैसे, पंपाचं बिल, दर दिवाळीनंतर गवत काढणं, वणव्यात गेलेले काजू पुन्हा लावणं, दोनदा चोरीला गेलेली मोटर. सगळं मिळून सरासरी वर्षाला ५० हजार. मी तर पेट्रोल आणि टोल धरलेच नव्हते. हे सगळं तारखांप्रमाणे टाकल्यावर साडेबाराचे झाले ६.७ टक्के. पीपीएफचा दर आज ७.१ आहे, त्याआधी बरीच वर्षे आठच्या आसपास होता. आणि पीपीएफला वणवा लागत नाही.

शेअरमध्ये पैसे एकदा टाकता. जमिनीत दरवर्षी टाकावे लागतात, आणि ते कुणी 'गुंतवणूक' म्हणून मोजत नाही. घरखर्चात जातात.

आता मुख्य गोष्ट. मी ती जमीन विकणार आहे का? अजिबात नाही. वर्षाला दोन पेट्या आंबे मिळतात, माकडांनी सोडले तर. नातू तिथे चिखलात लोळतो. पण याला मी निवृत्तीची तरतूद म्हणणार नाही. तरतूद पीएफची होती, तिच्यावर ही जमीन पोसली.

ढोकाळीकर:
निम्मा_शेतकरी, हिशेबाबद्दल मनापासून आभार. राखणदाराचा खर्च मी धरलाच नव्हता. पण मी तर कसायलाच देणार होतो कुणाला तरी, अर्धेलीने. मग उत्पन्नही येईल ना थोडं?

बांधावरचा:
दादा, मी शहापूर तालुक्यातला, किन्हवलीकडचा. भिवंडीला गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे आणि घरची दोन एकर भातशेती आहे. तुम्हाला उत्पन्नाचं सांगतो, म्हणजे गोड गैरसमज राहायला नको.

चांगलं खाचर असेल, पाऊस वेळेवर असेल तर आमच्याकडे एकरी १२ ते १५ क्विंटल भात येतं. २०२५-२६ चा साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये. १४ क्विंटल धरा, ३३ हजार झाले. आता राब भाजणं, ट्रॅक्टरची चिखलणी, लावणीची मजुरी, खत, कापणी, झोडणी. मजुरीने करून घेतलं तर बावीस-तेवीस हजार कुठे गेले कळत नाही. आम्हाला परवडतं कारण लावणीला घरची सहा माणसं उतरतात आणि त्यांची मजुरी कुणी लिहीत नाही. उरले दहा-अकरा हजार. अर्धेलीत तुमच्या वाट्याला काय येईल ते तुम्हीच बघा. ३५ लाखांवर पाच हजार.

मागून वाल, हरभरा होतो ओलाव्यावर. पाणी असेल तर भेंडी, काकडी, कारली. आमच्या भागात भेंडीवाल्यांनी चांगले पैसे केलेत. पण भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते. ढोकाळीवरून येणार तुम्ही एक दिवसाआड?

आणि सात-आठ वर्षे एकाच माणसाला कसायला देऊ नका, दिलीच तर लेखी कागद करा, नाहीतर कसणारा कुळ म्हणून हक्क सांगेल, असं तुम्हाला शहरातले वकील सांगतील. ते त्यांच्या जागी बरोबर आहेत. पण गावात त्याचा अर्थ काय होतो हेही लक्षात ठेवा. दर दोन वर्षांनी माणूस बदलणाऱ्याच्या जमिनीची बांधबंदिस्ती कोण कशाला करेल?

चालू_भाव:
३५ लाखांवर पाच हजार! अहो निफ्टीचा नुसता लाभांशसुद्धा सव्वा टक्क्याच्या आसपास असतो. ४० हजारांच्या वर झाले.

सातबारा_वाचा:
उत्पन्न जाऊ द्या. कागद कुणी बघितले का? पस्तीस वर्षे दस्त लिहितोय, ठाणे जिल्ह्यातलेच. काही मुद्दे सुचतील तसे टाकतो.

तुमचं माणचं नाव चालेल. शेतकरी नसलेल्याला महाराष्ट्रात कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे कलेक्टरच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. 'दाखला आम्ही आणून देतो' म्हणणारे एजंट भेटतील, त्यांना चहासुद्धा पाजू नका. खोट्या दाखल्यावर घेतलेली जमीन सरकारजमा होऊ शकते.

सातबारा उघडा आणि पहिल्यांदा भोगवटादार वर्ग, म्हणजे मालकीचा प्रकार बघा. वर्ग १ असेल तर पुढे वाचा. वर्ग २ असेल तर परवानगीशिवाय विक्री नाही. मग 'इतर हक्क' हा रकाना. लोक मालकाचं नाव वाचून सातबारा घडी घालतात. सगळी भुतं तर इतर हक्कात राहतात. बँकेचा बोजा, कुळ, पाण्याची वाट, जमिनीवरचा दावा. ठाणे आणि रायगडमध्ये खास करून 'खाजगी वन' अशी नोंद आहे का बघा. १९७५ च्या कायद्याने अशी वनं सरकारची झाली. अशा नोंदीच्या जमिनी ठाण्यात आणि मुंबईत लोकांनी घेतल्या, वर इमारती चढल्या, आणि भांडण २०१४ पर्यंत सुप्रीम कोर्टात गेलं. इमारतवाल्यांना तिथे दिलासा मिळाला, पण तोवर किती वर्षे गेली ते मोजा.

तिसरं, मुरबाड-शहापूर पट्ट्यात आदिवासी खातेदार भरपूर. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही, दस्त नोंदवला तरी उपयोग नाही. फेरफार, म्हणजे मालकी बदलाच्या नोंदी, जुन्यापासून काढा. आज मालक कुणीही असो, साठ-सत्तर साली कोण होतं ते बघा.

चौथं आत्ता आठवलं. 'पाच गुंठ्यांचा फार्म प्लॉट' हा प्रकार जाहिरातीत दिसतो. २०२३ च्या ऑगस्टपासून आपल्याकडे जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र आहे. त्याहून लहान शेताचा तुकडा वेगळा होत नाही, म्हणून दहा-वीस जणांची नावं एका सातबाऱ्यावर चढवतात. म्हणजे तुमचं माणचं घोंगडं परत इथे विणायचं.

आणि मोजणी. हद्द कायम मोजणी केल्याशिवाय एक रुपया देऊ नका. एजंट ज्या आंब्यापासून त्या दगडापर्यंत हात फिरवतो ती हद्द नव्हे.

वाशी_व्हाया_वाशिंद:
हे वरचं प्रिंट काढून भिंतीला लावण्यासारखं आहे. पण कराचा मुद्दा कुणीच घेतला नाही. ग्रामीण शेतजमीन विकली तर भांडवली नफ्यावर कर नाही, कारण आयकराच्या व्याख्येत ती भांडवली मालमत्ताच नाही. फक्त पालिका किंवा नगरपंचायतीपासूनचं अंतर बघायचं. लोकसंख्या १० हजार ते १ लाख असेल तर २ किलोमीटरच्या बाहेर, १ ते १० लाखांना ६, त्याच्या वर ८. तेही सरळ रेषेत, रस्त्याने नाही. शेअरवर मात्र जुलै २०२४ पासून वर्षाला सव्वा लाखाच्या वरच्या दीर्घ मुदतीच्या नफ्याला साडेबारा टक्के. मोठ्या रकमेला हा फरक लहान नाही.

सातबारा_वाचा:
बरोबर. फक्त अंतर विकताना बघतात, घेताना नाही. चौदा वर्षांत नगरपंचायत तुमच्या बांधापर्यंत चालत आली तर?

कोपरखैरणेकर:
बांधापर्यंत शहर चालत येणं काय असतं ते आम्हाला विचारा. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरणमधल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या मुंबईसाठी ठरल्या. आमच्या आजोबांची भातशेती होती आणि खाडीकडे मिठागरात वाटा. जमीन कधी कुठे जात नाही असं तेपण म्हणायचे.

१९८४ च्या जानेवारीत जासई-दास्तानला गोळीबार झाला, पाच जण गेले. दि. बा. पाटील साहेबांनी ते आंदोलन उभं केलं, त्यातून पुढे साडेबारा टक्क्यांचे भूखंड आले, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या तेवढ्या हिश्शाचा भूखंड परत. इथे बरेच जण आम्हाला बघून म्हणतात, जमीन होती म्हणून यांचं कल्याण झालं. झालं ना, काहींचं. पण ते भातामुळे नाही झालं. रस्ता कुठून गेला, रेषा कुठे आखली, त्याच्यामुळे झालं. रेषेच्या अलीकडचा आणि पलीकडचा, दोघांनी सारखाच चिखल तुडवला होता.

आता एजंट लोक तेच विकतायत. अटल सेतू, विमानतळ, समृद्धी, मुरबाड रेल्वे. तुम्ही ३५ लाख शेताचे देत नाही आहात, त्या रेषेचे देताय. ती तुमच्या बाजूने पडली तर लॉटरी. पनवेलकडे नैनामध्ये (विमानतळाभोवतीच्या नियोजित क्षेत्रात) नगररचना योजनेत मालकाला ४० टक्के भूखंड परत मिळतो, उरलेली ६० टक्के रस्ते-बगिच्यांना. त्या ४० ची किंमत जास्त होते म्हणतात, होतही असेल. पण निवृत्ती २०३९ साली आणि योजना पूर्ण कधी होणार, हे दोन वेगळे कॅलेंडर आहेत.

आमच्या घरात पैसा टिकला तो चुलत्याचा. त्याने भूखंडाचे आले तेव्हा अर्धे पोस्टात टाकले. बाकीच्यांनी गाड्या घेतल्या, हळदी केल्या. अजून हळदीच्या गोष्टी सांगतात.

ढोकाळीकर:
कोपरखैरणेकर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. एजंटाने खरंच पहिल्या पाच मिनिटांत समृद्धी महामार्गाचं आमणे हे टोक आणि मुरबाड रेल्वे दोन्ही सांगितलं. भाताचं मी विचारलं तेव्हा म्हणाला, 'साहेब भात कशाला करताय.'

नेरूळची_मावशी:
मी ७१ वर्षांची आहे, बँकेतून निवृत्त. सगळं वाचलं. इथे सगळे साठीपर्यंतचा हिशेब करतायत. साठीनंतरचा कुणी करायचा?

आधी जुनी गोष्ट. नव्वदच्या दशकात आमच्या ऑफिसात सागाची टूम आली होती. पाच हजार भरा, तुमच्या नावाचं झाड, वीस वर्षांनी लाखो. हिरवंगार प्रमाणपत्र यायचं घरी. मी चार झाडं घेतली होती, दोन मुलांची दोन-दोन. कंपनी गेली, झाडं होती की नव्हती देव जाणे. सेबीने अशा योजनांसाठी १९९९ मध्ये नियम केले, तोवर आमचं लाकूड जळालं होतं. आजकाल 'मॅनेज्ड फार्मलँड'च्या जाहिराती बघितल्या की मला ते प्रमाणपत्र आठवतं.

आता मुद्दा. आमच्या ह्यांना ६८ व्या वर्षी बायपास झाली. विमा होता, तरी वरचे सहा लाख लागले. त्यांच्या वाट्याची अलिबागकडे जमीन होती, कागदावर तेव्हा साठ-सत्तर लाखांची. पण सहा लाखांची जमीन विकता येत नाही हो. सगळी विकायला काढली तर नणंदेची सही हवी, तिच्या मुलीची हवी, एक जण मस्कतला. चौदा महिने लागले. सहा लाख आले कुठून? म्युच्युअल फंडातून. अर्ज केला, तिसऱ्या दिवशी खात्यात. तेही बाजार पडलेला असताना, तोट्यात. पण आले.

म्हातारपणी पैसा सुट्टा लागतो. दूधवाल्याला गुंठा देता येत नाही.

आज मला काय येतं तेही सांगते. ज्येष्ठ नागरिक योजनेत ३० लाख आहेत, ८.२ टक्क्याने तिमाहीला ६१,५०० येतात. थोडा इंडेक्स फंड आहे तो पुढच्या दहा वर्षांसाठी, त्याकडे मी बघत नाही. अलिबागची जमीन विकली त्यातून मुलांना दिलं. मला तिची आठवण येते, पण तिथे जायला आता गुडघे नाहीत.

घाबरट_घोडबंदर:
मावशी, तोट्यात विकावं लागलं ना पण? तेच तर भय आहे.

नेरूळची_मावशी:
सहा लाखांना साधारण एक लाख कमी आले असतील. चौदा महिने मुलांच्या मित्रांकडे हात पसरण्यापेक्षा स्वस्त पडलं. आणि बाळा, सगळं शेअरमध्ये ठेवायला कोण सांगतंय? दोन-तीन वर्षांचा खर्च एफडीत असला की २३ मार्चला सुद्धा झोप लागते.

ऐरोली_आयटी:
जमीन म्हणजे नुसतं शेतच का? ऐरोलीच्या आयटी पार्कांचं भाडे वाटून घेणारा रीट शेअर बाजारात २०२० पासून आहे. ज्यांना 'प्रॉपर्टी' हवीच आहे त्यांनी तेही बघावं. ऑफिसला जाताना आपली इमारत दिसते, एवढं मानसिक समाधान मिळतं. ओढा मात्र नाही.

दिवा_शटल:
ऐरोलीत ओढा आहे. जुलैमध्ये या.

चालू_भाव:
मावशींच्या पुढे बोलत नाही, पण माझ्याच बाजूची एक कमतरता मान्य करतो, नाहीतर म्हणाल हा नुसता शेअरवाला. मी वर २००४ पासून मोजलं, ते सोयीचं वर्ष होतं. २००८ च्या जानेवारीत २१ हजारांवर कुणी एकरकमी टाकले असते तर ऑक्टोबरात सेन्सेक्स ८ हजारांच्याही खाली जाऊन आला. त्या २१ हजारांपासून २०२४ च्या सप्टेंबरातल्या ८५ हजारांपर्यंत साडेसोळा वर्षांत चारच पट, नऊ टक्क्यांच्या आतबाहेर. जपानचा निक्केई १९८९ च्या डिसेंबरात ज्या शिखरावर होता तिथे परत यायला २०२४ उजाडलं. अर्थात तिथे जमिनीही त्याच वेळी पडल्या, त्यामुळे जपान्यांनी एकराने घेतलं असतं तरी सुटका नव्हती. ढोकाळीकर, म्हणून ३८ एकदम नको. वहिनी दोन वर्षांत वाटून म्हणतायत ते शहाणपणाचं आहे.

ढोकाळीकरांची_बायको:
मुद्दाम खातं उघडलंय. नवरा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत हा धागा वाचत बसतो, म्हटलं आपणही बघावं.

एक दुरुस्ती. मी जमिनीच्या विरोधात नाही. माझं माहेर जुन्नरकडचं, बांधावर वाढलेली आहे, लावणी कंबरेला काय करते तेही माहीत आहे. माझा विरोध ३८ मधले ३५ एका गटात घालायला आहे. उरलेल्या तीन लाखांत मुद्रांक शुल्क आणि नोंदणी भरली की कुंपणाला काढायचं कर्ज. घराचे हप्ते चालूच. लेकीची बारावी तीन वर्षांवर. याला विचारलं की राखणदाराचा पगार कुठून देणार, तर म्हणाला मीच जाईन शनिवार-रविवार. हा गेल्या वर्षभरात येऊरला किती वेळा गेला विचारा. घरापासून अर्धा तास आहे.

निम्मा_शेतकरी:
वहिनी, दंडवत. मी २००४ मध्ये 'मीच जाईन शनिवार-रविवार' याच शब्दांत सांगितलं होतं.

ढोकाळीकर:
येऊरचं इथे काढायची गरज नव्हती.

असो. रविवारी दोघंही जाऊन आलो. टोकन दिलं नाही. शहाडच्या पुलावर पाऊण तास अडकलो तेव्हाच अर्धी लढाई ती जिंकली होती. सातबारा ऑनलाईन काढून नेला होता. सातबारा_वाचा यांच्यासाठी जसंच्या तसं लिहितो. क्षेत्र ०.४०.०० हेक्टर आर. त्यात पोटखराबा (लागवडीला न येणारा भाग) ०.१३. वर्ग १. पण इतर हक्कात 'कु.का. कलम ४३ चे बंधनास पात्र' असं आहे. मालकांत दोन भाऊ आणि तीन बहिणी. एजंट फक्त दोन भावांचं बोलत होता. आणि जो ओढ्याकडचा भाग आम्हाला आवडला, तिथे एक आजोबा भेटले, म्हणाले तो आमच्या गटात आहे.

सातबारा_वाचा:
क्रमाने घेऊ. कलम ४३ ला घाबरू नका. याचा अर्थ यांचे आजोबा-पणजोबा कुळ होते आणि कुळकायद्याने मालक झाले. खरेदी प्रमाणपत्राला दहा वर्षे झाली असतील तर २०१४ च्या दुरुस्तीप्रमाणे आकाराच्या (जमिनीच्या साऱ्याच्या) ४० पट नजराणा भरून शर्त, म्हणजे परवानगीशिवाय न विकण्याची अट, निघते. आकार असतो पाच-दहा रुपये, म्हणजे काही शेकड्यांचं काम. पण ते विकणाऱ्याने आधी करायचं, 'दस्त करू मग बघू' नाही.

बहिणींचं घाबरा. पाचही जणांच्या सह्या, हक्कसोड असेल तर ते नोंदणीकृत आहे का, सगळं बघा. एका बहिणीला वगळून केलेल्या व्यवहाराचा दावा तुमच्या लेकीपर्यंत पुरतो.

पोटखराबा १३ आर म्हणजे लागवडीला २७ गुंठेच उरले. म्हणजे ३५ लाख एकराचे नाहीत, २७ गुंठ्यांचे आहेत. आणि रस्ता? गटाच्या नकाशात रस्ता दिसतो का?

ढोकाळीकर:
बैलगाडीची वाट आहे, त्या आजोबांच्या खाचरातून. नकाशात नाही. आजोबा म्हणाले, 'भात उभं असेपर्यंत कोणी जात नाही.'

बांधावरचा:
आणि दादा, बाकीचं भाताचं खाचर आहे की वरकस, म्हणजे उताराची हलकी जमीन? माती कशी होती?

ढोकाळीकर:
बायको म्हणते वरकस. वरच्या अंगाला लाल, मुरमाड. मला ते 'रस्टिक' वाटलं होतं.

बांधावरचा:
वरकसात नाचणी-वरी होते. भाताचा माझा वरचा हिशेब रद्द समजा. आंबा-काजू लावा, पण पहिली तीन-चार वर्षे उन्हाळ्यात हाताने पाणी घालायला माणूस हवा.

कोपरखैरणेकर:
ओढा आजोबांचा, वाट आजोबांची. मग एजंट नक्की विकतोय काय?

दिवा_शटल:
डोंगर. डोंगर समोर दिसतो ना.

ढोकाळीकर:
मंडळी, तूर्त ठरलंय ते असं. दहा लाख गृहकर्जात भरतोय, म्हणजे हप्त्यांतून लवकर सुटू. सहा लाख एफडीत, मावशींच्या सांगण्यावरून. उरलेले २२ लिक्विड फंडात (कमी जोखमीच्या, कधीही काढता येणाऱ्या फंडात) ठेवून दरमहा थोडे थोडे इंडेक्स फंडात, चोवीस महिने. घाबरट_घोडबंदर, तुमची गोष्ट वाचून पासवर्ड बायकोकडे दिलाय. जमिनीचं स्वप्न सोडलेलं नाही. माणच्या सातबाऱ्यावरच्या अकरा जणांशी आधी बोलून बघतो, १८ गुंठे का होईना, घरचे आहेत. दोन चुलत भाऊ पुण्यात आहेत, त्यांना नकोच आहे ते.

निम्मा_शेतकरी:
अकरा जणांना एका टेबलावर बसवलंत तर नवीन धागा काढा. तो यापेक्षा लांब होईल.

ढोकाळीकर:
आणि हो, आत्ता एजंटाचा फोन आला होता. मी मोजणी, पाच सह्या आणि शर्त काढण्याचं बोललो. दोन मिनिटं गप्प होता. मग म्हणाला, तुमच्यासाठी म्हणून ३१ मध्ये करून देतो.

सातबारा_वाचा:
मोजणीचा अर्ज खरंच भरायला सांगा. आणखी उतरेल.